पेन्सिलीतली वाडी

साखळीतात्या कुणाच्याही शेतात न विचारता पाऊल टाकत नसत. शेतात माणूस असो वा नसो, बांधावर थांबायचे, घसा खाकरायचे आणि मोठ्यानं म्हणायचे, "मोजणीवालं हाय. येऊ का?" समोर चिटपाखरू नसलं तरी उत्तर यायला लागेल एवढा वेळ उभे राहायचे आणि मगच बांध ओलांडायचे. पहिल्या दिवशी मी हे पाहिलं तेव्हा वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं जरा फिरलेलं दिसतंय. तिसऱ्या दिवशी वैतागून विचारलं, "तात्या, इथं ऐकायला आहे कोण?" ते शांतपणे म्हणाले, "सायेब, साखळी दिसली का मानसाच्या पोटात गोळा येतो. जमीन जाती का काय, असं वाटतं. आवाज दिलेला बरा. आन् मानूस दिसत नाय म्हंजे नायच, असं थोडंच हाय?"

मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो आणि जगातली सगळी गावं चुकीची वसलेली आहेत अशी माझी पक्की खात्री होती. दुसरी मोठी लढाई नुकतीच संपली होती. इमारती आखण्याची पदविका पदरात पडल्यावर मी मुंबईतच नगररचनेच्या पुढच्या शिक्षणाला बसलो होतो. वर्गात आम्ही इनमीन पाच जण. पुण्याला माझ्या वडिलांना मी नेमकं काय शिकतोय हे कधीच नीट सांगता आलं नाही. "घरं बांधायचं शिकून झालं, आता गावं बांधायचं शिकतोय," असं ते लोकांना सांगत आणि लोक विचारीत, "गाव काय कुणी बांधतं का?" हा प्रश्न मला तेव्हा अडाणीपणाचा वाटे.

शेवटच्या वर्षी प्रबंध करावा लागे. एक खरी जागा घ्यायची, तिची मोजणी करायची आणि कागदावर तिथं नवं नगर उभं करायचं. मी कर्जत घेतलं. भिसेगावच्या पुढं, खोपोलीच्या अंगाला, नदीकडे उतरत जाणारी जमीन मला गाडीतूनच आवडली होती. तिथं मी बागा, शाळा, सावलीचे रस्ते आणि नदीकाठी एक मोठं मैदान असलेलं टुमदार नगर वसवणार होतो. हाताशी सरकारी नकाशा होता, पण तो माझ्या जन्माच्या आधीचा. नवी मोजणी करायची तर साखळी धरणारा माणूस हवा. स्टेशनाजवळच्या खाणावळवाल्यानं मला तात्यांच्या हवाली केलं.

तात्यांची सगळी नोकरी मोजणी खात्यात साखळी ओढण्यात गेली होती. वर चढले नाहीत, कारण लिहिता येत नव्हतं. खात्याचा खाकी कोट मात्र त्यांनी पेन्शनीतही सोडला नव्हता. पितळी बटणं चिंचेनं घासून लख्ख ठेवलेली, खाली गुडघ्यापर्यंतचं धोतर आणि पायात काही नाही. चप्पल घातली की जमीन खोटं बोलते, असं ते म्हणत. मी दुर्बिणीतून पाहून, आकडेमोड करून चढ-उतार काढायचो. तात्या दहा पावलं चालून सांगायचे, "इथनं हातभर खाली गेलो आपण." माझं गणित यायला अर्धा तास लागे आणि ते बहुतेक वेळा तात्यांच्याच बाजूनं निघे.

लिहिता येत नसल्यामुळे असेल, त्यांची आठवण भयंकर होती. सबंध दिवसाची मापं ते संध्याकाळी ओळीनं म्हणून दाखवीत. एकदा माझी मोजणीची वही ओढ्यात पडली आणि दोन दिवसांची शाई वाहून गेली. मी डोक्याला हात लावून बसलो. तात्यांनी तंबाखूची चिमूट दाढेखाली धरली, डोळे मिटले आणि आंब्यापासून विहिरीपर्यंत, विहिरीपासून नाल्यापर्यंत सगळी मापं सांगितली. मला विश्वास बसेना. मी चार ठिकाणी पुन्हा साखळी लावायला सांगितली. चारही ठिकाणी म्हातारा बरोबर निघाला. "आता तरी भाकर खायची का?" एवढंच ते म्हणाले.

भाकरी त्यांची बायको, आक्का, बांधून देई. तांदळाची मऊ भाकरी, लसणीची चटणी आणि कधी कांद्यात परतलेलं सुकट. मी सोवळ्या घरातला. सुकटाच्या वासानं पहिल्या दिवशी लांब जाऊन बसलो होतो. महिनाभरात माझ्या वाटणीचं संपवून तात्यांच्या फडक्याकडे बघायला लागलो. मग आक्का दोन फडकी सारखीच बांधायला लागली. त्या दिवसांत मला कुणी विचारलं असतं की तुझा मास्तर कोण, तर मी मुंबईतल्या साहेबाचं नाव सांगितलं असतं. ते साफ चूक होतं.

जेवताना मी तात्यांना माझं नगर समजावून सांगे. शाळा मधोमध, म्हणजे पोरांना मोठा रस्ता ओलांडावा लागणार नाही. दुकानं इथं, दवाखाना इथं. ते काडीनं मातीवर काढलेल्या माझ्या रेघांकडे लक्ष देऊन बघत आणि मग भलताच प्रश्न विचारीत. "बाजारच्या दिवशी बैल सोडायचे कुठं?" किंवा, "आन् मयत कुठनं न्यायचं? शाळंच्या दारातनं?" माझ्या नगरात बैल नव्हते आणि कुणी मरतही नव्हतं. मी चिडायचो, पण खोलीवर जाऊन नकाशात स्मशानाची वाट घालायचो. परीक्षेत त्याच वाटेचं कौतुक झालं. ते कौतुक मी खाली मान घालून, विनयानं, एकट्यानं घेतलं.

माघात आम्ही नदीकाठच्या उतारावर पोचलो. माझं मैदान तिथं यायचं होतं. तिथं आवळीच्या झाडाभोवती कातकऱ्यांची चौदा खोपटी निघाली. जुन्या नकाशावर तिथं काहीच नव्हतं. कुडाच्या भिंती शेणानं सारवलेल्या, दारांना काटेरी फांद्या लावलेल्या, चुली थंडगार. एका खोपटाबाहेर मोडक्या बाजेवर लखू नावाचा म्हातारा ऊन खात बसला होता. बाकी वाडीत माणूस नाही. मी वहीत लिहिलं, 'पडीक झोपड्या'. लिहिलेलं मोठ्यानं वाचायची मला खोड होती.

"पडीक नायत," तात्या म्हणाले. त्यांचा आवाज एवढा करडा मी तोवर ऐकला नव्हता. "मोकळी हायती. मानसं कोळशाच्या भट्टीवं गेल्यात. दिवाळी झाली का जात्यात आन् आगोट आली का, पावसाच्या तोंडाला, परत येत्यात. माझा बाप सांगायचा, तवापास्नं हायती. लखू राखणीला ऱ्हातो दर साली. लिवा, घरं हायती."

मी त्यांना नियम सांगितला. पक्की बांधकामं शाईनं काढायची, कच्ची पेन्सिलीनं, आणि गरज असेल तर शेवटी त्याच रेघांवर शाई फिरवायची. आमच्या शाळेत तसंच शिकवत. तात्यांनी ऐकून घेतलं आणि मग, मी सांगितलं नसताना, एकेका खोपटाला साखळी लावली. लांबी, रुंदी आणि घरधन्याचं नाव. जानूचं घर, गोमीचं घर, लखूचं घर. मी पेन्सिलीनं चौदा चौकोन काढले. लखू बाजेवरून बघत होता. त्यानं तात्यांना विचारलं, "कशापायी मोजतोस रं?" तात्या म्हणाले, "कागदावं घेतो तुमाला. कागदावं असलं का कोन हालवत नाय." आणि माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "शाई कदी?"

"मुंबईला गेल्यावर," मी म्हणालो. त्या क्षणी ते खरं होतं, एवढं स्वतःच्या बाजूनं मी सांगू शकतो.

मुंबईत कागद फळीवर लावला. माझ्या नगराचा मुख्य रस्ता स्टेशनाकडून निघून सावलीतून उतरत थेट नदीकाठच्या मैदानात उघडत होता. सगळ्या नकाशाचा जीव त्या मैदानात होता. आणि मैदानाच्या बरोबर मध्यावर पेन्सिलीचे चौदा चौकोन. ते तिथं ठेवले तर रस्ता वळवायला हवा, मैदान सरकवायला हवं, महिन्याचं काम पुन्हा करायला हवं आणि परीक्षा तीन आठवड्यांवर. विसरलो असं म्हणता आलं असतं तर किती बरं झालं असतं. मी विसरलो नव्हतो. मी ते चौकोन पाहिले, त्यांच्यावर ट्रेसिंगचं कापड पसरलं आणि फक्त शाईच्या रेघा उतरवून घेतल्या. कापड उचललं तेव्हा मैदान सुरेख मोकळं दिसत होतं.

तोंडी परीक्षेला बाहेरचे एक वृद्ध परीक्षक आले होते. बाकीचे रस्त्यांच्या रुंदीबद्दल विचारत असताना त्यांनी मैदानावर बोट ठेवलं आणि विचारलं, "ही जागा आज रिकामी आहे?" मी म्हणालो, "हो सर." त्यांनी मान डोलावली. मी वर्गात पहिला आलो.

निकालानंतर मी पेढे घेऊन कर्जतला गेलो. तात्यांना माझ्यापेक्षा जास्त आनंद झाला. आक्कानं पेढा देवापुढं ठेवला. आणि पेढा तोंडात घालायच्या आधी तात्यांनी विचारलं, "वाडीला शाई लागली?" वैशाखाचं ऊन अंगणात रणरणत होतं, आक्का पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती आणि समोरचा माणूस माझ्याकडे पोराकडे बघावं तसा बघत होता. मी म्हणालो, "लागली तात्या." त्यांनी पेढा खाल्ला.

त्याच दिवशी मी आणखी एक शहाणपणा केला. माझ्या नकाशाची निळी छापील प्रत हौसेनं तिथल्या मामलेदार कचेरीत देऊन आलो. कोपऱ्यात माझं नाव ठसठशीत होतं. कधीतरी कुणाच्या तरी नजरेस पडेल, एवढाच हेतू. तो सफळ झाला.

पुढच्या वर्षी आषाढात मला मुंबईला एक कार्ड आलं. गावातल्या मास्तराकडून लिहवून घेतलेलं. मजकूर एकच शब्द: 'यावे'. मी उतरलो तेव्हा तात्या स्टेशनावर छत्री घेऊन उभे होते. कोटाची बटणं काळी पडली होती. मी काही विचारायच्या आत ते चालायला लागले आणि मला थेट आवळीच्या उतारावर घेऊन गेले. तिथं लाकडाची वखार झाली होती. तारेचं कुंपण, आत सागाचे ओंडके रचलेले आणि एक पत्र्याची शेड. खोपट्यांचं नावनिशाण नव्हतं.

हकीकत त्यांनी चालता चालताच सांगितली होती. कुणा व्यापाऱ्यानं वखारीला जागा मागितली. कचेरीत माझा नकाशा होता आणि त्यात ही जागा मोकळी होती. पौषात माणसं येऊन खोपटी काढून गेली. "पण लखू होता ना राखणीला?" मी विचारलं. दर साली एक म्हातारा मागं राहायचा, आरडाओरडा करायचा, गावात जाऊन चार माणसं गोळा करायचा. पूर्वी एकदा अशानंच वाडी वाचली होती, हे तात्यांनीच मला सांगितलं होतं.

तात्या कुंपणापाशी थांबले. "नव्हता. त्या साली लखूला बी घेऊन गेली ती. म्हातारा आजारी व्हता, एकटा मागं कशाला ठिवायचा म्हनली. मला इचारलं त्यांनी. मी म्हनलो, जा बिनघोर घेऊन. आता तुमी कागदावं हाय. शाईनं."

मी म्हणालो, "तात्या, माझी चूक झाली."

"चूक नाय," ते म्हणाले. ओरडले नाहीत. माप चुकलं तर दुरुस्त करायचे त्याच आवाजात बोलले. "चूक मोजणीत व्हते. आपली मोजणी बराबर व्हती. कचेरीतल्या सायेबानं मला तो निळा कागद दावला. मला वाचाया येत नाय, पन रेघ समजती रं मला. सगळं जितल्या तितं व्हतं. विहीर व्हती, आंबा व्हता, मयताची वाट बी व्हती. वाडी तेवडी नव्हती."

वाडीतली माणसं रुळांच्या पलीकडे झाडांखाली पालं घालून राहिली होती. आम्ही उभे होतो तिथून त्यांच्या चुलीचा धूर दिसत होता. ती तात्यांशी बोलत नव्हती. ज्यानं घरं मोजून नेली त्यानंच ती घालवली, असा त्यांचा साधा हिशेब होता. लखू त्या आगोटीत पालाखाली भिजून वारला होता. तात्या आधी रोज जात, आता वाडीची पोरंही त्यांना बघून आत पळत. "तुम्ही त्यांना सांगितलं नाहीत? मी तुमच्याशी खोटं बोललो म्हणून?" मी विचारलं.

"मी सांगून काय व्हनार? सोताला वाचवतो म्हनतील. आन् दुसऱ्याचं नाव मी कसं घेऊ?" मग त्यांनी माझा दंड धरला. एवढ्या महिन्यांच्या सोबतीत त्यांनी मला कधी हात लावला नव्हता. "तुमी सांगा. घरं काय आता परत येनार नायत, त्ये मला बी कळतं. पन तात्यानं आपल्याला फशिवलं नाय, एवडं त्यांना कळू द्या. चला. पलीकडंच हायती."

पलीकडेच होती. रूळ ओलांडायचे आणि पन्नास पावलं. पाऊस पडत होता. परवा माझी नोकरीची मुलाखत होती, नगररचनेच्याच खात्यात. गाडीला तासभर अवकाश होता. ती माणसं मला काय करणार होती? काही नाही. त्यांच्या हातात माझं काहीही नव्हतं. मला फक्त त्यांच्या तोंडाकडे बघायचं नव्हतं. मी म्हणालो, "तात्या, पुढच्या खेपेला नक्की. आज गाडी चुकेल." त्यांनी माझ्या दंडावरचा हात काढून घेतला आणि छत्री माझ्या डोक्यावर धरून मला स्टेशनावर पोचवलं.

नोकरी लागली. कर्जतच्या त्या कचेरीला मी एक पत्र लिहिलं की माझ्या नकाशात वस्ती दाखवायची राहून गेली आहे. 'राहून गेली' हे शब्द मी तीन मसुद्यांनंतर पसंत केले होते. उत्तर आलं नाही. कर्जतची खेप दर महिन्याला ठरवायचो आणि दर महिन्याला काहीतरी काम निघायचं. आता विचार करतो तेव्हा त्यातलं एकही काम मला आठवत नाही. तात्या पुढच्या पावसाळ्यात वारले. आक्कानं मला कळवलं नाही. मला खाणावळवाल्याकडून कळलं, तेही दोन महिन्यांनी.

मग मी गेलो. आक्कानं मला घरात घेतलं, पाणी दिलं, आणि शेवटचे दिवस कसे गेले ते मी विचारलं तेव्हा एवढंच म्हणाली, "रोज रुळापर्यंत जायाचे. ती पलीकडं, हे अलीकडं. तितनं परत यायाचे." माझ्या नावाचा उल्लेख तिनं केला नाही. तात्यांनी माझं खोटं तिलासुद्धा सांगितलं नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावरून मला समजलं. मीही सांगितलं नाही. तिथून उठलो तो सरळ रूळ ओलांडून गेलो.

वाडीतली माणसं अजून भट्टीवर गेली नव्हती. गोमी पालापुढं बसून सरपणाच्या मोळ्या बांधत होती. मी तिच्यासमोर उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. चौकोन, शाई, पेढे, माझं 'लागली' म्हणणं. तात्यांना मी फसवलं होतं, त्यांनी तुम्हाला फसवलं नव्हतं. खरं सांगतो, तिनं मला शिव्या द्याव्यात असं मला वाटत होतं.

तिनं मोळीची गाठ आवळली. "आता सांगतोस व्हय?" ती म्हणाली. "म्हातारा मेला तवा गाव गेला त्याच्या मातीला. आमी नाय गेलो. हितनं बघत बसलो, आन् पोरास्नी बी जाऊ दिलं नाय." मग दुसरी मोळी पुढं ओढून म्हणाली, "हो बाजूला, मला बाजाराला जायाचं हाय."